चोवीस तास उपलब्ध

मी कुणाचा आपत्कालीन संपर्क व्हायच्या लायकीचा माणूस नाही. हे मी विनयाने म्हणत नाही. माझी बायको कोर्टात शपथेवर सांगेल. घरात झुरळ निघालं की मी खुर्चीवर आणि ती हातात चप्पल घेऊन जमिनीवर, अशी आमच्या संसाराची एकवीस वर्षांची कामाची वाटणी आहे. दाराची बेल लागोपाठ दोनदा वाजली तर मला घाम फुटतो. सरकारी पाकीट आलं तर मी ते दोन दिवस फोडतच नाही. न फोडलेल्या पाकिटात निदान काही घडलेलं नसतं.

असा मी, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी साहाय्य कक्षात वरिष्ठ लिपिक आहे. शिष्यवृत्ती घेऊन देशोदेशींहून येणाऱ्या मुलामुलींना अडचण आली तर त्यांनी कुणाकडे जायचं, हे सांगणं आमचं काम. त्यासाठी एक कार्ड काढायचं आमच्या संचालकबाईंच्या मनात आलं. पिवळं, तीन घड्यांचं, खिशात मावेल असं. सात चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत एकेक सेवा आणि तिचा फोन लिहायचा. बाई म्हणाल्या, "आठवडाभराचं काम आहे." कामाला दोन महिने लागले.

सहा चौकटी कशाबशा भरल्या. आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणाले, "दहा ते एक. त्यानंतर आजारी पडू नये असं लिहा." समुपदेशनवाल्यांनी सांगितलं, आधी अर्ज, मग भेट, मग मनःस्थिती. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी नंबर दिला, पण "उगीच फोन करू नये" अशी ओळ खाली घालायला लावली. शिष्यवृत्ती विभाग आणि भाषा साहाय्य यांनी एकमेकांचे नंबर दिले. सहावी चौकट निवास परवान्याची. ते काम माझ्याच टेबलाचं, म्हणून तिथं मला कुणाची विनवणी करावी लागली नाही.

अडलं ते सातव्या चौकटीशी. 'आपत्कालीन संपर्क – चोवीस तास उपलब्ध.' इतक्या मोठ्या विद्यापीठात चोवीस तास उपलब्ध असा प्राणीच सापडेना. सुरक्षा अधिकारी म्हणाले, "फाटकाच्या आतलं विचारा. बाहेरचं आम्हाला दिसत नाही." आतलं विचारलं तर म्हणाले, "आत काही होतच नाही." छापखान्याचा माणूस दाराशी उभा, बाईंना परिषदेला जायची घाई.

"तुमचाच नंबर टाका हो," बाई पर्स बंद करत म्हणाल्या. "तात्पुरता."

तात्पुरता या शब्दाचा मला धसका आहे. आमच्या व्हरांड्यात एक कपाट तात्पुरतं ठेवलंय. त्याला अकरा वर्षं झाली आणि आता त्याला स्वतःचा आवक-जावक क्रमांक आहे. पण बाईंना नाही म्हणायचं तर त्याला धैर्य लागतं. कार्डं छापली. चारशे.

घरी सांगितलं तेव्हा बायको पोळपाटावरून मान वर करून बघतच राहिली. "तुम्ही? आपत्कालीन? अहो, त्या पोरांना आईबाप असतील ना कुठंतरी!"

वरच्या मजल्यावरचे वकील जिना उतरता उतरता आमच्या दारात थांबले. त्यांना कुणाच्याही घरातलं अर्धं वाक्य पुरतं. "एक लक्षात ठेवा भाऊ," ते म्हणाले, "उद्या एखाद्याचं बरंवाईट झालं, तर पोलीस आधी कुणाकडे येतात? ज्याला शेवटचा फोन गेला त्याच्याकडे." एवढं बोलून ते निवांत फिरायला गेले. माझं जेवण गेलं.

शेजारच्या सिस्टर निवृत्त नर्स आहेत. बत्तीस वर्षं प्रसूती विभागात काढल्यामुळे त्यांना जगातल्या सगळ्या माणसांकडे नुकतंच जन्मलेलं म्हणून बघायची सवय आहे. त्यांनी मला धीर दिला. "फोन आला की आधी श्वास घ्यायचा. मग विचारायचं, रक्त आहे का? नसेल तर घाई नाही."

त्या दिवसापासून फोन माझ्या छातीवर बसला. आंघोळीला जाताना मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेऊ लागलो. वाजला की मी उचलण्याआधीच उभा राही. वाजला नाही तर वाटे, कुणाला तरी नंबर फिरवण्याइतकंही बळ उरलं नसेल. वाजायचा तेव्हा मात्र पलीकडून एखादा मुलगा विचारायचा, ग्रंथालयाच्या दाराला 'ओढा' लिहिलंय ते ओढू की ढकलू? एकदा एकाची किल्ली खोलीत राहिली होती. मी प्रत्येकाला आधी "रक्त आहे का?" विचारत असे, त्यामुळे पुन्हा फोन करणारे थोडेच निघाले.

तीन आठवड्यांत या काळजीने मला पित्त झालं. त्या शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी पडलो होतो. सव्वादोनला फोन वाजला.

"नमस्कार," एका मुलीचा बारीक आवाज आला. "आपण आपत्कालीन आहात का?"

आमच्या परदेशी मुलांना भाषा शिकवणारे गुरुजी फार जुन्या वळणाचे आहेत. ती मुलं बोलतात तेव्हा ताम्रपट वाचल्यासारखं वाटतं.

"हो," मी म्हणालो. "म्हणजे, तात्पुरता. रक्त आहे का?"

"महोदय, माझे दिवस भरले आहेत."

मी उठून बसलो.

"आज पाच वाजेपर्यंतच. त्यानंतर मी येथे नसेन. मी कुणाकडे जावे? मी एकटी..." आणि फोन तुटला. मी लावून बघितला. बंद. पुन्हा लावला. बंद.

मला चप्पल घालायची होती, पण पाय कुठे संपतात तेच समजेना. मी बायकोला हाक मारली. ती झुरळाच्या तयारीने आली.

"अगं, एक पोरगी जीव द्यायला निघालीय! पाच वाजेपर्यंत आहे म्हणते, नंतर नाही!"

"नीट सांगा. काय म्हणाली ती? शब्द सांगा."

"'माझे दिवस भरले आहेत.'"

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, मरतेय काय! बाळंत होतेय! दिवस भरलेत पोरीचे! आणि एकटी आहे म्हणाली ना? अगं बाई गं!" असं म्हणत ती सिस्टरांच्या दाराकडे धावली.

सिस्टर दोन मिनिटांत बॅग घेऊन हजर झाल्या. "पाचची वेळ सांगून येणारं मूल मी बत्तीस वर्षांत पाहिलं नाही," त्या म्हणाल्या, "पण पहिलटकरीण घाबरून काहीही बोलते." वकीलही खाली आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तिसरीही शक्यता आहे. 'तुझे दिवस भरले' असं तिला कुणीतरी सांगितलं असेल. धमकी! पाचची मुदत दिलेली दिसतेय."

जन्म, आत्महत्या की खून, यावर आमच्या बैठकीच्या खोलीत मतभेद झाले. मला तिन्ही मतं पटत होती.

मी माझंच पिवळं कार्ड काढलं आणि वरून फोन करायला लागलो. आरोग्य केंद्र एक वाजता बंद झालं होतं, पहारेकरी म्हणाला, "तातडीचं असेल तर पिवळं कार्ड बघा, सातवी चौकट." शिष्यवृत्ती विभागाने भाषा साहाय्याकडे पाठवलं. त्यांनी सातवी चौकट सांगितली. समुपदेशनाला लावला तर ध्वनिमुद्रित बाई अतिशय मायेने म्हणाली, "तुम्ही एकटे नाही. ताबडतोब पुढील क्रमांकावर संपर्क साधा," आणि एकेक आकडा सावकाश सांगू लागली. मी घाईघाईने लिहून घेतला आणि फिरवला. व्यस्त होता. पुन्हा फिरवला. व्यस्त. मी कागद बायकोपुढे धरला, "हा माणूस कोण आहे बघ, फोनच सोडत नाही!" तिने बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही आहात."

उरल्या रेक्टरबाई. "परदेशी मुली एकवीस आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोणती हवी?"

"नाव नाही कळलं. जिचे दिवस भरलेत ती."

पलीकडे भांडं पडल्यासारखा आवाज झाला. "माझ्या वसतिगृहात?" आणि फोन आपटला गेला.

विद्यापीठाची रुग्णवाहिका मागवली. ती आली, कारण तिच्या चालकाला फोन घरून येतोय की कक्षातून, हे कळायला मार्ग नव्हता. वकील म्हणाले, "मी मागे थांबतो. तुमच्या बाजूने कुणीतरी बाहेर असलेलं बरं." मी, बायको, सिस्टर आणि जुन्या धुवट चादरींचं एक गाठोडं असे आम्ही निघालो.

त्या गाडीत बसल्यावर मात्र मला वेगळीच भीती वाटली. इतकी वर्षं मी ज्या भीत्या बाळगल्या त्या सगळ्या माझ्या स्वतःबद्दल होत्या. मला काय होईल, मला कोण रागावेल. आता त्या बारीक आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. कुठल्या तरी दूरच्या गावात तिची आई असेल. मुलीने पाठवलेला पिवळ्या कार्डाचा फोटो तिने शेजारणीला दाखवला असेल. चोवीस तास माणूस आहे हो तिथं, म्हणाली असेल. आणि तो माणूस मी होतो. बायकोने माझा हात धरला. तिचाही गार होता.

वसतिगृहात रेक्टरबाईंनी मुलींना अंगणात एका ओळीत उभं केलं होतं आणि त्या प्रत्येकीकडे बाजूने बघत चालल्या होत्या. मुलींना काहीच कळत नव्हतं. एकीला वाटलं, भूकंपाची तालीम आहे. मोजल्या तर वीस निघाल्या.

"चौदा नंबरची नाही," रेक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "ती कधी चुकत नाही."

चौदा नंबरचं दार बंद होतं. मी ठोठावलं. मी आजवर कुणाचं दार इतक्या जोरात ठोठावलं नव्हतं. आतून काही नाही. रेक्टरबाईंच्या जुडग्यातली चौथी किल्ली लागली. माझ्यानं आत बघवेना. बायको पुढे झाली.

खोली रिकामी होती. पलंगावरची गादी गुंडाळलेली, भिंतीवरचे फोटो काढल्याच्या चौकोनी खुणा, दोन बॅगा भरून कुलूप लावून ठेवलेल्या. टेबलावर एकच कागद होता. वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुस्तके ग्रंथालयास परत द्यावीत. खिडकीतील रोपास एक दिवसाआड पाणी घालावे.'

मी जमिनीवर बसलो. सिस्टर "अरे, डोकं गुडघ्यात घाल" म्हणाल्या ते ऐकलं, पण माझं डोकं मला सापडत नव्हतं. बायको त्या रोपाकडे बघून रडायला लागली.

"क्षमा असावी," मागून बारीक आवाज आला. "माझ्या खोलीत काय घडले आहे?"

दारात एक उंच, किडकिडीत मुलगी उभी होती, पळत आल्यामुळे धापा टाकत. हातात बंद पडलेला फोन. सिस्टरांची नजर आधी तिच्या पोटाकडे गेली, मग चादरींच्या गाठोड्याकडे.

"मी आपल्या कार्यालयात गेले होते," ती मला म्हणाली. "तेथे सांगितले की आपत्कालीन महोदय अर्ध्या रजेवर आहेत."

"बाळ कुठाय?" बायकोने विचारलं.

"कोणाचे?"

"अगं, दिवस भरलेत म्हणालीस ना!"

"होय! निवासाच्या परवान्याचे." तिने पिशवीतून परवान्याचं निळं पुस्तक काढलं आणि बोट ठेवून दाखवलं. "तीनशे पासष्ट दिवस. ते आज भरले. पाच वाजता नोंदणी कार्यालय बंद होईल. मग मला देश सोडावा लागेल. शिष्यवृत्तीही जाईल. विद्यापीठाचे पत्र आले नाही. सहा आठवड्यांपूर्वी मी अर्ज दिला. मी रोज वाट पाहिली."

सगळ्यांनी हुश्श केलं. माझ्या तोंडून मात्र हुश्श आलं नाही.

कारण परवान्याचं पत्र सहाव्या चौकटीतून निघतं, आणि सहावी चौकट म्हणजे माझं टेबल. सहा आठवड्यांपूर्वी मी कार्डाच्या मागे होतो, आणि त्यानंतर फोनच्या. टेबलावरच्या 'आलेले कागद' या ट्रेमध्ये कार्डांचे गठ्ठे ठेवले होते. तिच्या अर्जाबरोबरचं, फक्त सही-शिक्क्याला थांबलेलं पत्र कुठे असेल ते मला तिथे बसल्या बसल्या दिसलं. गठ्ठ्यांच्या खाली.

"पत्र कार्यालयात आहे," मी म्हणालो. कुणाच्या टेबलावर ते बोललो नाही. "चला."

पावणेचार झाले होते. पण रुग्णवाहिकेचा चालक जागचा हलेना. "रुग्ण कोण?" तो म्हणाला. "वहीत रुग्णाचं नाव नसेल तर मला फक्त गॅरेजकडे जाता येतं."

सिस्टरांनी माझं मनगट धरलं आणि घड्याळ बघितलं. "एकशे चौतीस," त्या म्हणाल्या. "बसलेला असताना. लिही याचं नाव."

"मग याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल."

"नोंदणी कार्यालय कुठं आहे?" बायकोने विचारलं.

"दवाखान्याच्या समोर."

मला आडवं केलं, आणि सिस्टरांनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. वाटेत कक्षाशी गाडी थांबवली. मी किल्ली दिली, ट्रे सांगितला, आणि बायको धावत जाऊन पत्राचा कागद आणि शिक्का घेऊन आली. ती परत आली तेव्हा तिने माझ्याकडे एक नजर टाकली. ट्रे कुणाचा ते तिने पाहिलं होतं. संचालकबाई परगावी, म्हणून मी झोपल्या झोपल्या, सिस्टरांच्या बॅगेवर कागद टेकवून, खाली सही केली : 'संचालकांकरिता.'

नोंदणी कार्यालयात शिरलो तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने पत्र वाचलं, उलटं करून वाचलं, आणि बोट ठेवलं. "'करिता' चालत नाही. जबाबदार व्यक्तीची स्वतःची सही, राहण्याचा पत्ता, फोन. विद्यार्थिनीने काही केलं तर आम्ही कुणाला धरायचं?"

एकवीस वर्षांच्या नोकरीत मी 'करिता'शिवाय एक सही केलेली नाही. 'करिता' ही माझी छत्री आहे. माझ्या डोळ्यांपुढे वकील उभे राहिले, त्यांच्यामागे पोलीस, त्यांच्यामागे चौकशी समिती. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा हलताना दिसत होता. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या निळ्या पुस्तकाच्या कडा अंगठ्याने सरळ करत उभी होती, जसं काही पुस्तक नीटनेटकं दिसलं तर ते तिला राहू देतील.

मी 'करिता' खोडलं. सही केली. हात असा थरथरला की अधिकारी म्हणाला, "ही वरच्या सहीशी जुळत नाही." दुसरी केली, तीही जुळेना. मग बायकोने माझं कोपर टेबलावर दाबून धरलं, सिस्टरांनी मनगट, आणि तिसरी सही जुळली.

अधिकाऱ्याने खिडकीतून वाकून आमच्याकडे बघितलं. माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा लोंबत होता. "हिची जबाबदारी *हे* घेणार?"

"ह्यांना सवय नाही," बायको म्हणाली, "पण घेतील."

शिक्का बसला तेव्हा पाचला आठ मिनिटं कमी होती.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही चौघं बसलो. बायकोने मुलीला 'दिवस भरले'चे सगळे अर्थ समजावून सांगितले. तिने ते वहीत लिहून घेतले आणि त्या पानावर बोट ठेवलं. "म्हणजे आपल्या भाषेत मूल होणे, मरण येणे आणि कागद संपणे हे सारखेच आहे का, काकू?"

"नाही गं," सिस्टर म्हणाल्या. "कागद संपणं सगळ्यात वाईट. पहिल्या दोघांत निदान नातेवाईक जमतात."

मुलगी पहिल्यांदाच हसली. मग उठून माझ्यापुढे उभी राहिली, दोन्ही हात जोडले. "महोदय, आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

हा क्षण मी गोड मानून घेऊ शकलो असतो. ट्रे कुणाचा ते बायकोने कुणाला सांगितलं नसतं. तिने संसारात माझी बरीच झुरळं झाकली आहेत. पण त्या मुलीचे हात जोडलेले बघून मी पायरीवरून उठलो.

"पत्र माझ्याच टेबलावर होतं," मी म्हणालो. "सहा आठवडे. मी त्याच्यावर कार्डं ठेवली होती. चूक दुसऱ्या कुणाचीही नाही."

तिने हात खाली घेतले. मग प्रत्येक शब्द नीट जागेवर ठेवत म्हणाली, "महोदय, मी सहा आठवडे झोपले नाही. मी आईला खोटे सांगितले की सर्व ठीक आहे. मी आपल्यावर फार रागावले आहे."

"वाक्य अगदी बरोबर आहे," बायको म्हणाली.

"मी किती दिवस रागवावे?" तिने बायकोला विचारलं.

"तीन दिवस राग. त्याहून कमी केलास तर ह्यांना कळणार नाही."

तिने बरोबर तीन दिवस राग धरला. सोमवार ते बुधवार ती आमच्या व्हरांड्यातून जाई, आणि माझ्या टेबलाशी आली की मान ताठ करून कपाटाकडे बघे. सोमवारीच बाईंनी मला रुग्णवाहिकेबद्दल लेखी खुलासा मागितला. ते पाकीट मी त्याच दिवशी फोडलं आणि उत्तरही त्याच दिवशी दिलं, सगळं खरं. अजून त्याचं काही आलेलं नाही, येईल.

गुरुवारी सकाळी ती आली आणि एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. ग्रंथालयातून तीन पुस्तकं जादा मिळावीत म्हणून. मी म्हणालो, "ठेवून जा."

ती गेली नाही. समोरची खुर्ची ओढली, बसली, आणि हातांची घडी घातली.

मी अर्ज वाचला, सही केली, शिक्का मारला. तिने कागद उचलून उजेडात धरला, शाईवर हलकेच फुंकर घातली, आणि पूर्ण वाळेपर्यंत फुंकत बसली.